कांद्यावर रेडिएशन मारलं म्हणजे कांदा रेडिओॲक्टिव्ह झाला का?

सरकारच्या बफर स्टॉकच्या, म्हणजे राखीव साठ्यातल्या, कांद्यावर रेडिएशन प्रक्रिया करणार अशी बातमी आली रे आली की नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. अणुभट्टीतला कांदा, खाल तर कॅन्सर, दहा जणांना पाठवा. पाठवणाऱ्याला बहुतेक हेही माहीत नसतं की लासलगावचा तो प्लांट काही नवीन नाहीये, २००२ पासून तिथे आहे, भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला, नाव ‘कृषक’. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तो बांधला, आणि पुढे २००७ मध्ये अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं तेव्हा कोकणातला हापूस घाट चढून आधी लासलगावला आला, तिथे गॅमा किरण खाऊन मग विमानात बसला. म्हणजे प्लांट कांद्यासाठी आणि नाव काढलं आंब्याने, असो.

फॉरवर्डवाल्यांना हसणं सोपं आहे पण त्यांचा प्रश्न वेडगळ नाही. रेडिएशन म्हटलं की आपल्या डोक्यात हिरोशिमा, चेर्नोबिल, फुकुशिमा एवढंच, आणि शाळेत अल्फा-बीटा-गॅमा पाठ केलं ते पेपरपुरतं. म्हणून अगदी पहिल्यापासून सांगतो.

## अणूच्या पोटात काय चालतं

कुठलाही पदार्थ घ्या, तो अणूंचा बनलेला. अणूच्या मधोमध केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले, बाहेर इलेक्ट्रॉन. प्रोटॉन किती यावर तो कोण हे ठरतं, २७ असतील तर कोबाल्ट, २८ झाले की निकेल. न्यूट्रॉन मात्र कमीजास्त असू शकतात. खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टमध्ये प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून ५९ असतात आणि तो कायम तसाच, शांत. त्याला अणुभट्टीत ठेवून एक न्यूट्रॉन जास्तीचा घुसवला की झाला कोबाल्ट-६०, आणि त्या एका जादा न्यूट्रॉनने सगळा तोल जातो. मग कधीतरी आतल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन जोरात बाहेर फेकला जातो, पाठोपाठ गॅमा किरणांचे दोन झटके, आणि कोबाल्टचा निकेल होतो. तिथे विषय संपला, तो निकेल पुढे काही करत नाही.

केंद्रकाने असं आपलं आपण, बाहेरून कोणी काहीही न करता, बदलणं आणि बदलताना काहीतरी बाहेर फेकणं म्हणजे रेडिओॲक्टिव्हिटी, पुस्तकी मराठीत किरणोत्सर्ग. आणि जे बाहेर पडतं ते रेडिएशन. हे दोन वेगळे आहेत एवढं पक्कं लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ या दोघांना एकच समजल्यामुळे होतो.

‘आपलं आपण’ हे मुद्दाम म्हटलं. १८९६ मध्ये पॅरिसला आन्री बेकरेल युरेनियमचे क्षार उन्हात ठेवून त्यांच्यामुळे फोटोच्या काचेवर काय उमटतं ते बघत होते, नेमके ढग आले, ऊन नाही म्हणून सगळं सामान ड्रॉवरमध्ये टाकलं, आणि काही दिवसांनी काच धुतली तर ठसा तरीही उमटलेला, तोही चांगला ठळक. म्हणजे ऊन नको, काही नको. मग १८९८ मध्ये मेरी आणि पिएर क्युरी यांनी पोलोनियम आणि रेडियम शोधून काढलं. पुढे सगळे प्रयोग करून झाले, तापवा, गोठवा, ॲसिडमध्ये बुडवा, कुटून पूड करा, काही फरक पडत नाही, कारण हे सगळे उद्योग बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंतच पोचतात आणि केंद्रकाला त्याचा पत्ताही नसतो. अणुकचरा जाळून टाका की, असं म्हणून चालत नाही ते याच्यामुळे.

## चाळीतला कुठला कांदा आधी जाणार?

उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरला की शेतकऱ्याला अनुभवाने माहीत असतं, पोळ्यापर्यंत घट किती येईल, दिवाळीपर्यंत किती. पण त्याच्या हातात एक कांदा देऊन विचारा, दादा हा कधी सडणार, तर तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. ढिगाचा हिशोब लागतो, एकट्या कांद्याचा लागत नाही. अणूंचं तसंच आहे. कोबाल्ट-६० चा ढीग घेतला तर त्यातले निम्मे अणू सव्वापाच वर्षांत बदललेले असणार, उरलेल्यातले निम्मे त्यापुढच्या सव्वापाच वर्षांत, मग त्याच्या निम्मे. याला हाफ-लाइफ म्हणतात.

आता फरक ऐका, कारण खरी मजा तिथे आहे. कांदा जुना होतो, आणि शेजारचा सडला की त्याचं पाणी लागून हाही जातो. अणू जुना होत नाही. दहा वर्षं तसाच राहिलेला कोबाल्टचा अणू आणि काल तयार झालेला अणू, दोघांची उद्या फुटायची, म्हणजे बदलायची, शक्यता तंतोतंत सारखी. शेजाऱ्याचं काय झालं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. हे मला अजूनही पचत नाही, पण शंभर वर्षं मोजून मोजून तसंच निघतंय.

हाफ-लाइफ प्रत्येकाचं वेगळं. आयोडीन-१३१ चं आठ दिवस, सीझियम-१३७ चं तीस वर्षं, कार्बन-१४ चं ५७३० वर्षं आणि युरेनियम-२३८ चं जवळपास ४४७ कोटी वर्षं. इथे लोक हमखास फसतात. कोट्यवधी वर्षं रेडिओॲक्टिव्ह राहणार म्हटलं की छातीत धस्स होतं, पण एवढी वर्षं पुरतंय याचाच अर्थ ते फार हळूहळू फुटतंय, म्हणजे दर सेकंदाला बाहेर पडणारं रेडिएशन कमी. उलट आठ दिवसवालं भडाभडा फुटतं पण दोन-तीन महिन्यांत जवळजवळ संपतं. त्रासदायक ते मधले, सीझियमसारखे, फुटण्याचा वेग नुकसान करण्याइतका आणि मुक्काम एका माणसाच्या उभ्या आयुष्याइतका. प्लांटच्या दृष्टीने हाफ-लाइफ म्हणजे सरळ खर्चाचा मामला, कोबाल्टची ताकद वर्षाला साधारण १२ टक्क्यांनी उतरते, त्यामुळे तोच डोस द्यायला कांदा दर वर्षी थोडा जास्त वेळ ठेवावा लागतो आणि अधूनमधून नवीन कोबाल्ट आणून भरावं लागतं.

## बाहेर नेमकं पडतं काय

मुख्य तीन प्रकार. अल्फा म्हणजे दोन प्रोटॉन दोन न्यूट्रॉनचा जड गोळा, साध्या कागदाने अडतो, आपल्या कातडीच्या वरच्या मेलेल्या थरानेही अडतो. पण तोच देणारा पदार्थ पोटात किंवा फुफ्फुसात गेला तर सगळ्यात वाईट, कारण सगळी ताकद शेजारच्या दोन-चार पेशींवर निघते. २००६ मध्ये लंडनमध्ये लिटविनेन्को नावाच्या माजी रशियन हेराला पोलोनियम-२१० चहातून देऊन मारलं ते असं. हेच पोलोनियम-२१० तंबाखूच्या पानातही थोडंसं असतं, तेव्हा टपरीवर सिगारेट ओढत ओढत कांद्याचा फॉरवर्ड पुढे ढकलणाऱ्यांनी जरा हाताकडे बघावं.

बीटा म्हणजे वेगातला इलेक्ट्रॉन, काही मिलिमीटर ॲल्युमिनियमने थांबतो. गॅमा मात्र उजेडाच्या जातीचा, वजन नाही, आरपार जातो, त्याला शिशाची जाड भिंत नाहीतर भरपूर काँक्रीट लागतं. तिघंही आपल्या पेशीत शिरून अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात, आणि तो घाव डीएनएवर बसला की पेशी एकतर स्वतःला दुरुस्त करते, नाहीतर मरते, नाहीतर चुकीची दुरुस्ती करून जगते, आणि हे तिसरं पुढे कधीतरी कॅन्सरकडे जाऊ शकतं.

मोबाईल टॉवर, वायफाय, मायक्रोवेव्ह यांच्या लहरींनाही रेडिएशनच म्हणतात पण इलेक्ट्रॉन उडवायची ताकद त्यांच्यात नाही, तो विषय वेगळा, इथे नको. आणि हो, सिनेमात दाखवतात तसा हिरवा उजेड बहुतेक रेडिओॲक्टिव्ह वस्तूंना नसतो. जुन्या घड्याळांचे काटे रात्री चमकायचे ते रेडियमबरोबर मिसळलेल्या रंगामुळे. रिक्षाच्या मागे नाव लावतात त्या रेडियमच्या स्टिकरमध्ये तर रेडियमचा कणही नसतो, ते फक्त हेडलाइटचा उजेड परत फेकतं.

## आपल्याकडे नाशिकला कुठलं आलंय रेडिएशन!

आहे की, सगळीकडे आहे. जमिनीतल्या दगडात युरेनियम, थोरियम, पोटॅशियम असतं, वरून अवकाशातले किरण येतात, हवेत रेडॉन नावाचा वायू असतो. जगात सरासरी माणसाला या नैसर्गिक सोर्सकडून वर्षाला २.४ मिलीसिव्हर्ट मिळतं. मिलीसिव्हर्ट म्हणजे शरीराला किती इजा होऊ शकते याचं माप, एवढं ध्यानात ठेवा. यातही जागेजागेचा फरक. नाशिक बसलंय काळ्या कातळावर, पांडवलेणी ज्यात कोरली तो बेसॉल्ट, त्यात युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी. केरळच्या किनाऱ्यावर चवरा-करुनागपल्लीकडे वाळूत मोनाझाइट नावाचं थोरियमवालं खनिज आहे, तिथे नैसर्गिक रेडिएशन आपल्या कितीतरी पट, आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतायत. तुमच्या किचनच्या ओट्यावर ग्रॅनाइट टाकलं असेल तर तेही किंचित रेडिओॲक्टिव्ह आहे. ओटा फोडायची गरज नाही, सांगून ठेवतो. पूर्वी लग्नाच्या वरातीत डोक्यावर बत्त्या घेऊन चालायचे, त्या पेट्रोमॅक्सच्या जाळीतही थोरियम असायचं.

आणि आता कांदा. पोटॅशियममधला अगदी थोडा हिस्सा, दहा हजारांत एखादा अणू, पोटॅशियम-४० असतो, तो रेडिओॲक्टिव्ह. पोटॅशियम ज्यात ज्यात आहे ते सगळं त्यामुळे रेडिओॲक्टिव्ह: केळी, बटाटे, द्राक्षं, दूध. हिशोब केला तर बाजारातून आणलेल्या साध्या किलोभर कांद्यात दर सेकंदाला चाळीस-पन्नास अणू फुटत असतात. ज्याने प्लांटचं तोंड पाहिलेलं नाही अशा कांद्यात! तुमच्या-माझ्या शरीरात नुसत्या पोटॅशियमचेच सेकंदाला चार हजारांवर फुटतात. केळी जास्त खाल्ली तर वाढेल का? नाही, शरीर पोटॅशियम ठरावीकच ठेवतं, जास्तीचं लघवीवाटे जातं.

त्यामुळे रेडिओॲक्टिव्ह आहे की नाही हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठला पदार्थ, किती, आणि शरीराच्या आत की बाहेर, हे तिन्ही विचारल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

## मग प्लांटमधून आलेल्या कांद्यात काही वाढतं का?

नाही. नुसतं विश्वास ठेवा म्हणत नाही, का नाही ते बघा.

कोबाल्ट असतं स्टीलच्या सीलबंद नळ्यांमध्ये, त्यांना पेन्सिल म्हणतात. कांद्याचे क्रेट त्यांच्या आजूबाजूने फिरतात, कोबाल्टचा कण कांद्याला लागत नाही, कांद्यावर पडतात फक्त गॅमा किरण. आता एखाद्या शांत अणूला रेडिओॲक्टिव्ह करायचं तर त्याच्या केंद्रकात न्यूट्रॉन घुसवायला हवा नाहीतर आतला बाहेर काढायला हवा. गॅमा किरणात न्यूट्रॉन नसतोच, म्हणजे घुसवायचा प्रश्न मिटला. बाहेर काढायचा तर कांद्यात जे कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन आहे त्यांच्यासाठी दहा मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (केंद्रकाच्या पातळीवरची ऊर्जा मोजायचं हे माप) वर ऊर्जा लागते, आणि कोबाल्ट-६० चे गॅमा फक्त १.१७ आणि १.३३ चे. पोचतच नाहीत. हे किरण कांद्यातून गेले की गेले, मागे साठून राहत नाहीत. एक्स-रे काढून आलेल्या माणसाला आपण घरात घेतो ना, की त्याला अंगणात बसवतो?

मग कोंब का येत नाही? कांद्याला मिळतात साधारण ६० ग्रे, म्हणजे किलोमागे ६० ज्यूल. एवढ्या उष्णतेने कांद्याचं तापमान एका डिग्रीचा पन्नासावा भागही वाढत नाही. पण ती ऊर्जा डीएनएवर नेम धरल्यासारखी लागते, आणि कांद्याच्या मधोमध जो कोंबाचा डोळा असतो तिथल्या पेशी भराभर वाढायच्या बेतात असतात, त्या बाद होतात. बाहेरच्या पाकळ्या काही वाढत नसतात, त्यांना विशेष फरक पडत नाही. असा कांदा महिन्यांनी उभा चिरला तर कधी कधी मधला तो डोळा तपकिरी पडलेला दिसतो, ते कुजणं नसतं, तो मेलेला कोंब आहे. बियाण्यासाठी डोंगळे लावायला असा कांदा अर्थातच उपयोगाचा नाही.

## पण आत काही नवीन केमिकल तयार होत असेल तर?

होतात, अगदी थोडी, आणि कांदा फोडणीला टाकला की त्याहून किती तरी जास्त होतात. अन्न आणि कृषी संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८० मध्ये १०,००० ग्रेपर्यंतचं अन्न खायला सुरक्षित ठरवलं, कांद्याला ६० लागतात. जीवनसत्त्वं थोडी कमी होतात हा आक्षेप मोठ्या डोसला लागू आहे, इथे फार नाही. शिवाय आपल्याकडे अशा मालाच्या पॅकेटवर तसं लिहून हिरवं रडुरा चिन्ह छापणं बंधनकारक आहे, ज्याला नकोय त्याने घेऊ नये.

माझा आक्षेप विचाराल तर तो वेगळा आहे. रेडिएशन कोंब थांबवतं, सड थांबवत नाही आणि वजनातली घटही पूर्ण थांबवत नाही. कांदा काढून वाळवला की काही आठवड्यांतच डोस द्यावा लागतो, नंतर देऊन उपयोग कमी. म्हणजे ऐन हंगामात ट्रॅक्टर भरून न्या, हमाली द्या, परत आणा, आणि पुढे भाव काय मिळेल ते देवाला ठाऊक. साध्या चाळीवाल्याने हा खर्च का करावा यावर चर्चा व्हायला हवी, ती सोडून आपण कॅन्सरवर भांडतोय.

## एवढं निर्धोक आहे तर काँक्रीटच्या जाडजूड भिंती कशाला?

निर्धोक कांदा आहे, कोबाल्ट नाही! कांद्याला दिलेले ते ६० ग्रे माणसाने अंगावर घेतले तर वाचत नाही, चार-पाच ग्रे एका झटक्यात मिळाले तरी उपचाराविना निम्मी माणसं दगावतात. एक्स-रेच्या मशीनचं बटण बंद केलं की रेडिएशन बंद. कोबाल्टला बटण नाही, ते रात्री-बेरात्री, लाइट गेली तरी चालूच, म्हणून काम नसताना ते खोल पाण्यात किंवा जाड कवचात उतरवून ठेवायचं आणि खोलीला दीड-दोन मीटरच्या भिंती.

हाच फरक दवाखान्यात कामाला येतो. आजीला बाहेरून मशीनने रेडिएशनचे शेक दिले तर आजी रेडिओॲक्टिव्ह होत नाही, नातवाला खुशाल मांडीवर बसवावं. पण थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ पोटात दिलं असेल तर औषधच शरीरात आहे, तिथे डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचंच. पेट स्कॅनमध्येही औषध शिरेतून देतात पण त्यातल्या फ्लोरीन-१८ चं हाफ-लाइफ ११० मिनिटं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हजारावा हिस्साही उरत नाही. डोसचा अंदाज हवा असेल तर छातीचा एक्स-रे ०.१ मिलीसिव्हर्ट किंवा त्याहून कमी, पोटाचा सीटी स्कॅन दहाच्या आसपास. म्हणजे डॉक्टरांनी सांगितला तर सीटी जरूर काढा, पण ‘एकदा काढून टाकू, मनाला बरं’ म्हणून नको.

## भ्यायचं असेल तर कशाला भ्यावं

हरवलेल्या सोर्सला. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिल्ली विद्यापीठाच्या लॅबमधलं एक यंत्र लिलावात आलं, ते १९८५ पासून बंद पडून होतं. भंगारवाल्यांनी ते उघडलं, आत कोबाल्ट-६०. एक कामगार गेला, आणखी काही जण दवाखान्यात. पंचवीस वर्षं म्हणजे जवळपास पाच हाफ-लाइफ होऊन गेली होती, तरी उरलेलं तेवढंही पुरलं. त्याआधी १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात बंद दवाखान्यातलं सीझियम-१३७ असंच उचललं गेलं, ते अंधारात निळसर चमकायचं म्हणून लोकांनी घरी नेलं, अंगाला लावलं, चार जण मेले.

आपल्याकडे सातपूर-अंबडला एमआयडीसी आहे, भंगाराची दुकानं आहेत, आणि इंडस्ट्रीत वेल्डिंगचे जोड तपासायला इरिडियम-१९२ वापरतात. अशा सोर्सच्या पेटीवर तीन पाकळ्यांचं ते ठरलेलं चिन्ह असतं, पण ते ज्याला माहीत नाही त्याला ते फुलासारखं वाटायचं, म्हणून २००७ पासून मोठ्या सोर्ससाठी आणखी एक चिन्ह आलंय: लाल त्रिकोण, वरून खाली येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ते बाहेरच्या कव्हरवर नसतं, यंत्र खोलायला घेतलं की आत दिसतं. दिसलं की तिथेच पान्हा खाली ठेवायचा, सगळ्यांना घेऊन लांब जायचं आणि ११२ ला फोन लावायचा, आत चांगलं शिसं निघेल म्हणून पुढे खोलत बसायचं नाही.